नरक वाचणारे गुरुजी

नरकाचं वर्णन आलं की गुरुजी चष्मा काढून ठेवायचे. ती पानं त्यांना पाठच होती. पनवेलात आमच्या आळीत कोणी वारलं की दहा दिवस पोथी वाचायला तेच यायचे. पाप्याला उकळत्या तेलात कसं टाकतात, दारुड्याच्या घशात तापलेल्या लोखंडाचा रस कसा ओततात, हे ते अगदी शांतपणे सांगत. बायका तोंडाला पदर लावायच्या. शेवटी ते म्हणायचे, "देव कोणाला ढकलत नाही. माणूस आपल्या पायांनी जातो."

ते आमचे शेजारी. बायको लवकर गेलेली, मुलगा एकुलता एक. न्हावा शेवा बंदर सुरू झालं तेव्हा तो तिथे कामाला लागला आणि दोन-तीन वर्षांत दारूत बुडाला. दोनदा सोडली, दोनदा पुन्हा धरली. एका संध्याकाळी गुरुजींनी त्याला बाहेर काढून आतून कडी घातली.

तो पायरीवर बसून रडत होता. "बाबा, मला नाही जमत हो."

मी खिडकीशी जाऊन म्हटलं, "गुरुजी, घ्या ना आत."

"दारू की घर, हे त्याचं त्यानं ठरवायचं."

तो उठला आणि कळंबोलीच्या ट्रकवाल्यांत जाऊन राहिला. चार महिन्यांनी काविळीनं गेला.

त्याच्यासाठी पोथी वाचायला दुसरे गुरुजी बोलावले होते. दारुड्यांचं पान आलं तसे आमचे गुरुजी म्हणाले, "थांबा."

"अहो, तुम्हीच तर सांगता, आपल्या पायांनी..." वाचणारे म्हणाले.

"त्याला पायांवर उभं राहवत नव्हतं. ग्लास धरायला दोन्ही हात लागायचे. त्यानं काय ठरवलं? ठरवलं मी. मी शुद्धीत होतो. कडी मी घातली."

पोथी तिथेच मिटली. त्यानंतर गुरुजी कुठेच वाचायला गेले नाहीत.

एकदा उरणकडच्या मिठागरावरची एक बाई त्यांना शोधत आली. "गुरुजी, माजा मानूस दारूतच गेला. नरकात पडंल काय?"

"नाही बाई. तो तिथून सुटलाय."

ती पाया पडून, डोळे पुसत गेली. स्वतःच्या मुलाबद्दल असं बोलताना मी गुरुजींना कधी ऐकलं नाही.

पुढे ते आपट्याला बहिणीकडे गेले. ते वारल्याचं मला उशिरा कळलं. मी पोचलो तेव्हा दहावा होऊन गेला होता.

"पोथी कोणी वाचली?" मी विचारलं.

बहीण म्हणाली, "कोणी नाही. नको म्हणाला होता. म्हणाला, माझं मला ठाऊक आहे."