करार नव्हे, इक्रार

हवल्लीतल्या आमच्या इमारतीच्या हारिसचं तोंड मला आजही बघवत नाही. हारिस म्हणजे रखवालदार, पण हा स्वतःला मालकाचा धाकटा भाऊ समजायचा. लिफ्ट बंद पडली की याचा फोनही बंद. तरी बारा वर्षं आम्ही तिथे काढली. आमच्यासारख्यांना कुवेतमध्ये घर विकत घेता येत नाही. पण बायकोने खिडकीत कढीपत्ता जगवला होता, मुलीची शाळा रस्त्यापलीकडे होती, आणि त्या घराला मी आपलं म्हणायला लागलो होतो.

मालकाला घर रिकामं हवं होतं. आमच्या तीन खोल्यांच्या सहा करून एकेकट्या माणसांना द्यायच्या होत्या. मी म्हणायचो, "हवं असू दे. भाड्याची मुदत संपली तरी कारणाशिवाय बाहेर काढता येत नाही. कायदा आहे." ऑफिसातही चारचौघांना हे ऐकवून झालं होतं.

मग एका शुक्रवारी सकाळी हारिस दारात उभा. हातात अरबी कागद, चेहऱ्यावर कधी नव्हे ते हसू, आणि तोंडात 'सदीक', म्हणजे दोस्त.

"सदीक, मालिक भेजा. इक्रार. इधर साइन करो."

मी ऐकलं 'करार'. आपला हा शब्द मूळचा अरबी, हे मला ठाऊक होतं आणि त्याचा मला माज होता. वकील, हिशेब, करार, असे शब्द इथे कानावर पडले की मी बायकोला थांबवून ऐकवायचो. मुदत संपत आलेलीच होती. नवा करार आला, सुटलो!

"अहो, आधी कुणाकडून तरी वाचून घ्या," बायको म्हणाली.

"करार म्हणजे करार. त्यात वाचायचं काय?"

बँकेत मी दिवसभर लोकांची कागदपत्रं तपासतो. एक तारीख चुकली तर तोंडावर परत फेकतो. त्या दिवशी मात्र हारिसचंच पेन घेऊन, भिंतीवर कागद धरून सही ठोकली.

दोन महिन्यांनी घर सोडायची नोटीस आली, सोबत मी सही केलेल्या कागदाची प्रत. मी तणतणत वकिलाच्या ऑफिसात गेलो. तिथल्या केरळी कारकुनाने माझा कागद वाचला आणि चष्मा काढला.

"सर, ये करार नहीं है. इक्रार है. मतलब कबुली. आपने लिख के दिया, घर अपनी मर्जी से खाली करता हूँ."

"आणि नसतं दिलं तर?" मी चक्क मराठीत विचारलं. त्याला कळलं.

"तो कोई नहीं निकाल सकता था."

मालकाला मी त्या रात्री मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. हारिस तर सामान उतरवताना लिफ्टपाशी उभा राहून हसत होता. त्याच्या थोबाडीत द्यावी असं फार वाटलं. पण त्याने शब्द बरोबर उच्चारला होता. चुकीचा ऐकला मी.

लांब अब्बासिया भागात दोन खोल्या मिळाल्या. मुलीला आता शाळेसाठी पहाटे बस पकडावी लागते. कढीपत्ता नेताना वाटेतच मोडला.

नव्या घराचा कागद समोर आला तेव्हा मी खिशातून पेन काढलं. मुलगी शेजारीच उभी होती.

"बाबा, डिड यू रीड इट?"

तिच्यावर खेकसायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात बायकोने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.