सायखेड्याला राहिलेला फोटो

दुबईच्या मामाने तो कॅमेरा आणला तेव्हा मी अकरावीत होते, आणि पुढची दोन वर्षं एकलहऱ्याच्या कॉलनीत माझ्याइतकी शिष्ट मुलगी दुसरी नव्हती. बटण दाबलं की घरघर करत पांढऱ्या कडांचा जाड कागद बाहेर यायचा. आधी राखाडी, मग हिरवट, मग हळूहळू नाकडोळे. लोक तो हातात घेऊन वारा घालत बसायचे, त्याने काही होत नसे. वणीच्या गडावर थंडीत फोटो निळा पडायला लागला तेव्हा ताईने तो स्वेटरच्या आत काखेत धरून ठेवला आणि तो छान आला. तेव्हापासून ते काम तिचं.

या कॅमेऱ्याची खोड एकच, त्याला निगेटिव्ह नव्हती. फोटो एकच निघणार, दिला की गेला. हरसूलच्या बाजारात नागली विकणाऱ्या एका म्हातारीचा फोटो काढला, तर तिने तो बघायला घेतला आणि सरळ कनवटीला लावला. मी हात चोळत परत आले. घरी सगळे हसले, मीही हसले.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, बालवाडीत शिकवायची. रंगाने सावळी. आमच्या घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे, पण पाहुण्या बायका येता-जाता डाळीचं पीठ आणि साय सुचवून जायच्या, आणि ताई मान हलवून ऐकून घ्यायची. मला मात्र त्या बायकांच्या चहात मीठ घालावंसं वाटायचं.

सायखेड्याचं स्थळ आलं तेव्हा मुलगा, त्याची आई आणि मामा असे तिघे होते. पोहे झाले, प्रश्न झाले, आणि मला राहवलं नाही. मी कॅमेरा घेऊन आले. आईने डोळे मोठे केले, मी तिकडे पाहिलंच नाही. ताई आणि मुलगा चौकटीत मावेनात, म्हणून मी म्हटलं, जरा सरका, अजून जरा. मुलगा हळूच काहीतरी बोलला, ताई त्याच्याकडे बघून मनापासून हसली आणि नेमकं तेव्हा मी बटण दाबलं. खांद्याला खांदा, तोंडभर हसू. उजेडाचा खटका मात्र मी उलट्या बाजूला फिरवला होता, त्यामुळे फोटो काळपट आला. मुलाच्या आईने तो निरखून पाहिला आणि पर्समध्ये ठेवला.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. पत्रिका जुळत नाही, सोबत ताईचा स्टुडिओतला फोटो परत. माझा फोटो त्यात नव्हता. दोन दिवसांनी भांडी घासताना ताई म्हणाली, "तुझ्या कॅमेऱ्याने मला कोळसा केलं. तेच बघत बसले असतील घरी." त्यानंतर ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही, आणि त्या दिवशी नेसलेली जांभळी साडी तिने ट्रंकेत तळाशी घातली.

आठ महिन्यांनी सिन्नरचं स्थळ आलं. मुलगा शाळेत शिक्षक. दोघं एकदा भेटले, आणि ताई घरात गुणगुणायला लागली. रविवारी ते पक्कं करायला येणार होते. बुधवारी बाबांच्या बोलण्यात आलं की मुलाची सख्खी मावशी सायखेड्यातच दिलेली आहे. ताईची पोळी तव्यावर करपली. दुसऱ्या मुलासोबतचा तो फोटो त्या मावशीने पाहिला तर? मला मागच्या दारी ओढून ती म्हणाली, "तो फोटो तू काढलास, तूच आण. बाबांना कळता कामा नये." बाबांना कळलं असतं तर ते स्वतः गेले असते, आणि त्यांचा आवाज अख्ख्या गावाने ऐकला असता.

शुक्रवारी कॉलेजला दांडी मारून मी नाशिकरोडहून एसटी धरली. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या, पण माझं लक्ष कुठे लागतंय? मी वाटभर एक थाप घोकत होते. घरी अल्बम लावतोय, तेवढा एक फोटो कमी आहे. नव्या स्थळाचं चुकूनही बोलायचं नाही. बोललं तर आपणच त्यांच्या हातात कोलीत दिल्यासारखं.

सायखेड्याचा तो मुलगा शेतावर गेला होता. त्याची आई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. तिने ओळखलं, पाणी दिलं, चहा ठेवला. मी माझी थाप सांगितली. ती ऐकत राहिली आणि मग शांतपणे म्हणाली, "आमच्या खालच्या आळीतल्या बाईचा भाचा ना? सिन्नरचा? कळलं मला."

तो फोटो तुम्ही त्यांना दाखवला का, असं मी विचारून गेले.

"नाय दाखवला अजून."

त्या 'अजून'ने माझा धीर सुटला. मी म्हणाले, काकू, तो फोटो द्या, नाहीतर मी इथून उठायची नाही. चहा पुढ्यात गार होत होता. शेजारची एक बाई डोकावली, कोण आलंय विचारलं, आणि काकूंनी मला बिनदिक्कत भाची करून टाकलं. ती बाई जाईपर्यंत मी मान वर केली नाही. ती खालच्या आळीतली तर नसेल?

मग मी तो प्रश्न विचारला, जो विचारायला मी आलेच नव्हते. तुम्ही नकार का दिलात? पत्रिकेचं राहू द्या.

काकूंनी लसणाची सालं सुपात झटकली. "रंगाचं आम्ही चालवून घेतलं असतं बाई. पण बघायला आलेल्या पोराला खेटून बसायचं, अन् त्याच्या तोंडाकडं बघून एवढं हसायचं? एवढी मोकळी पोरगी आमच्यात नाय चालत."

मी आठवण करून दिली की खेटून मीच बसवलं होतं, चौकटीत मावत नव्हते म्हणून. आणि हसवलं तुमच्याच मुलाने. माझा आवाज चढला होता. काकू उठून आत गेल्या. फडताळातल्या वर्तमानपत्राखालून त्यांनी फोटो काढला आणि माझ्या हातावर ठेवला. पोरीचं वाईट करायचं नव्हतं मला, एवढंच म्हणाल्या.

परतीच्या एसटीत मी तो वहीत घालून वही छातीशी धरली होती. शेजारी बसलेली प्रत्येक बाई मला सिन्नरच्या मुलाची मावशी वाटत होती. पण खरी भीती वेगळीच होती. आठ महिने मला वाटत होतं की मी ताईला काळी दाखवलं. आता कळलं की त्याहून वाईट केलं. मी तिला जवळ सरकवलं आणि तिचं ठरत आलेलं लग्न मोडलं.

सिन्नरचं पुढे जमलं, पण त्या संध्याकाळी आम्हाला ते ठाऊक नव्हतं. मागच्या अंगणात ताईने वाळका पाला पेटवला होता. फोटो फाडायला गेलो तर फाटेना, म्हणून तो तसाच आगीत टाकला. कडा वळल्या, घाण वास सुटला, आणि आधी मुलगा गेला, मग ताई. ती काठीने पाला वर ओढत म्हणाली, "का नाही म्हणाले होते? विचारलंस?"

खोटं सांगता आलं असतं. पण मी सांगून टाकलं. मी तुला जवळ बसवलं, तू हसलीस, त्यांना तू फार मोकळी वाटलीस. माझ्यामुळे मोडलं, ताई. आणि मी थोबाडीत बसायची वाट बघत उभी राहिले.

तिच्या हातातली काठी थांबली. "रंगामुळे नाही?"

"नाही."

"रंगाचं काहीच बोलल्या नाहीत?"

"एक अक्षर नाही."

ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली, लहान पोर रडतं तशी. रडता रडता हसतही होती. मग माझा हात ओढून तिने स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "माझी शपथ घेऊन सांग."

ज्याच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलावं तो माणूस जगत नाही, असं आम्ही दोघींनी आईकडून लहानपणापासून ऐकलं होतं. काकूंचं 'रंगाचं चालवून घेतलं असतं' अजून कानात होतं, पण मी हात काढला नाही.

"तुझी शपथ, ताई," मी म्हणाले.