जहाज फुटत नाही, बंद पडतं

मागच्या सोमवारी सकाळी लोणंदच्या घरात मी लसूण सोलत बसले होते आणि नात अनुजा अंतराळातली लढाई खेळत होती. मला अक्षर येत नाही, तेव्हा बोलतेय मी आणि लिहितेय ती... मधे तिनं स्वतःचं काही घुसडलं तर माझ्यावर ढकलू नका.

त्या गेममध्ये डिसरप्टर नावाचं हत्यार आहे. त्यानं जहाज फुटत नाही, बंद पडतं... आधी ढाल, मग इंजिन, मग वायरलेस.

"आणि ते आपल्यालाच लागलं तर गं?" मी विचारलं.

"तर जोडीदारानं लगेच दुरुस्तीला ओढून न्यायचं, आज्जे. उशीर झाला की कायमचं बंद."

"म्हंजे जहाजालाबी माणसं लागत्यात म्हण."

तेवढ्यात कप पडला. आमचे हे खुर्चीत चहा पीत होते.

"आवं, हाताला लोणी लावलंय व्हय?" मी म्हणाले. त्यांनी उत्तर दिलं, पण शब्द नुसते घरंगळले... तोंड एका बाजूला ओढलेलं, डावा हात मांडीवर मेल्यासारखा.

माझी हाक ऐकून शेजारीण धावत आली. "लकवा हाय. उद्या मंगळवार, झाडपाल्याचं औषध देणाऱ्याचा वार, त्याच्याकडं न्या. तवर झोपू द्या." पाठोपाठ आलेल्या माझ्या लेकानं मान डोलावली. आमच्याकडं असंच करतात. माझ्या सासऱ्यांनाही असंच नेलं होतं, मीच बरोबर गेले होते... त्यांचा हात पुन्हा उठला नाही.

अनुजाकडं बघितलं, तर ती पांढरीफटक, गेम तसाच हातात.

"गाडी काढ. साताऱ्याला मोठ्या दवाखान्यात," मी लेकाला म्हणाले.

"आई, अगं उद्या..."

"हात गेला, बोलणंबी जायला लागलंय. आणि काय बंद पडायची वाट बघतोस रं?"

साताऱ्यापर्यंत मी त्यांच्या हाताला चिमटे काढत होते. एरवी माझ्या नुसत्या डोळ्यांना घाबरणारा माणूस, हलला नाही... इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. तपासणी झाली, इंजेक्शन दिलं. संध्याकाळी डाव्या हाताची दोन बोटं हलली, तेव्हा मी सकाळपासून पहिल्यांदा पाणी प्यायले.

आता ते घरी आहेत. बोलणं परतलंय, हात अजून अर्धाच ऐकतो. माझी भीती मात्र गेलेली नाही... ते जरा वेळ गप्प बसले की मी उगीच भांडण उकरून काढते. उलट उत्तर आलं की मनातल्या मनात देवीला हात जोडते, आणि भांडण पुढं चालू ठेवते.