फी वाचवायले माह्यं नाव

बायांनो, घरी आली तशीच लिहायले बसली. राग अजून गेला नाई.

आज गोंदिया रोडवरच्या आमच्या नव्या घराची रजिस्ट्री माह्या नावानं झाली. बाईच्या नावानं केली की फी कमी लागते, म्हणून आमच्या ह्यायनं आन् त्यायच्या मोठ्या भावानं, म्हणजे दादानं, तसं ठरवलं होतं. मी खुश होती. फोटो निघन म्हणून नवी साडी नेसून गेलती.

फोटो, अंगठा, सगळं झालं. ऑफिसच्या बाहेर आली तं दादानं दुसरा कागद पुढे केला. मुखत्यारनामा! म्हणजे घर माह्या नावावर, पण मले न विचारता विकायचा हक्क दादाले.

मी म्हटलं, "दादा, हे काहून?"

"रिस्क नको ना बाई. उद्या तुह्या मनात काही आलं तं?"

मी विचारलं, "धानाची जमीन तुमच्या नावावर आहे. तिचा असा कागद जाऊबाईले लिहून देल्ला काय तुम्ही?"

दादानं फक्त पेन पुढे केला. आमचे हे मोबाईलमध्ये पाहून राह्यले होते. मी सही केली नाई, कागद वापस देल्ला.

गाडीवर येताना हे म्हणाले, "यापेक्षा पूर्ण फी भरली असती तं परवडलं असतं."

बायांनो, तुमच्याही नावावर घर असन, तं आजच घरातली पेटी उघडून पाहा. रजिस्ट्रीच्या खाली तुमच्या सहीचा असाच एक कागद तं नाई ना?