गिअरबॉक्समध्ये काहीच निघालं नाही

गाडी हायवे सोडून आमच्या रस्त्याला लागली की हे भोंगा वाजवायचे. एकदाच, तोही आखूड. तो ऐकला की मी तवा चुलीवर टाकायची आणि गाडी मोकळ्या जागेत लावून, हातपाय धुऊन हे पाटावर बसेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. चिंचवडच्या आमच्या चाळीतल्या शेजारणी हसायच्या. म्हणायच्या, तुझा नवरा येतो की रेल्वे येते? मी म्हणायची, रेल्वेला निदान वेळ तरी ठरलेली असते.

हे बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराचं सांगतेय. ह्यांनी तेव्हा लष्कराच्या लिलावातून जुना ट्रक घेतला होता. घेतला म्हणजे दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणला, कारण तो चालतच नव्हता. टायर बसलेले, हौद्याच्या फळ्या कुजलेल्या, इंजिनच्या झाकणाखाली चिमण्यांनी घर केलेलं. महाळुंग्याला माझ्या माहेरी सगळ्यांनी कपाळाला हात लावला. जावईबापूंनी भंगार घेतलं म्हणाले. मला राग आला, पण बोलायला तोंड नव्हतं. मलाही ते भंगारच वाटत होतं.

पिंपरी कॅम्पात एक मुसलमान मिस्त्री होते. हे त्यांना मिस्त्री म्हणायचे, मी चाचा. त्या दोघांनी मिळून त्या सांगाड्यात जीव घातला. पेट्रोलचं इंजिन काढून अपघातातल्या एका गाडीचं डिझेल इंजिन बसवलं. स्प्रिंगचे पाटे बदलले, हौदा नवा बांधून घेतला. मागच्या फळीवर काय लिहायचं यावरून दोघांची जुंपली. ह्यांना देवाचं नाव हवं होतं, चाचांना उर्दू शेर. शेवटी कुणीच हटेना म्हणून फळी कोरीच राहिली. सगळ्या पुणे-मुंबई रस्त्यावर मागं काही न लिहिलेली गाडी बहुधा आमची एकटीच असेल.

ह्यांचा जीव होता तो त्या गाडीच्या गिअरमध्ये. नंतरच्या गाड्यांत गिअर सहज पडू लागले, आमच्या गाडीत तसं नव्हतं. क्लच दाबून गिअर काढायचा, क्लच सोडायचा, इंजिनला थोडी रेस द्यायची, आवाज बरोबर जागी आला की पुन्हा क्लच दाबून दुसरा गिअर टाकायचा. रेस किती द्यायची ते सांगणारा काटा गाडीत नव्हता. ते कानानंच ठरवायचं. कान चुकला की आत दात्यावर दाता घासायचा आणि भाकरीत खडा लागल्यावर येते तशी शिरशिरी अंगावर यायची.

ह्यांच्या हातून तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. माहेरी जाताना मी केबिनमध्ये बसायची. चाकणच्या रस्त्याला गाडी लागली की हे म्हणायचे, "आता ऐक हां. तिसरा मागंल बघ." गाडी गिअर मागते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इंजिन कण्हल्यासारखं करायचं, ह्यांचा हात खाली जायचा आणि आवाज एकदम मोकळा व्हायचा. "पडला?" हे विचारायचे. मी म्हणायची, "मला काय कळतंय त्यातलं." पण मला कळायला लागलं होतं. पुढं पुढं तर चुलीपुढं बसून मी सांगू शकायची, की वळणावरच्या लिंबापाशी दुसरा टाकला, आता तिसरा.

गाडीनं आम्हाला जगवलं. चाकणच्या बाजारातला कांदा मुंबईला न्यायचा, भोसरी-पिंपरीकडं कारखाने उठत होते त्यांना वाळू आणि विटा टाकायच्या. पुढं कारखाने सुरू झाल्यावर बिडाचे जड सुटे भाग मुंबईला जाऊ लागले. इंजिन केबिनमध्येच, ह्यांच्या डाव्या मांडीला लागून, वर नुसतं पत्र्याचं झाकण. मी महाळुंग्याला पोचेपर्यंत माझं डोकं भणभणायचं. हे त्या आवाजाशेजारी जन्म काढत होते आणि माझ्या मनात एकदाही आलं नाही, की ह्यानं ह्यांच्या कानाचं काय होत असेल.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमाराला भोंगा लांबायला लागला. आधी आखूड वाजायचा तो चांगला गल्ली उठवण्याइतका वाजू लागला. शेजारीण म्हणाली, तुमच्या भोंग्यामुळं आमचं तान्हं दचकून उठतं. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "एवढा बी न्हाई वाजवत." मला वाटलं, या वयात मिरवायची हौस आलीय. बोलणंही मोठ्यानं झालं होतं, पण ट्रकवाले सगळे मोठ्यानंच बोलतात. मी काही बोलले की म्हणायचे, "आँ?" मी म्हणायची, लक्ष कुठंय तुमचं? नवरा बायकोचं ऐकत नाही यात कुणाला नवल वाटलंय?

मग एक दिवस वळणावर गाडी गिअर टाकताना खरडली. मी कणीक मळत होते. माझे हात थांबले. ती आमची गाडी नसेलच असं वाटून मी दारात आले, तर आमचीच. हे खाली उतरले ते चिडलेलेच. म्हणाले, "बॉक्स गेला."

चाचांनी गिअरबॉक्स उघडला. दाते तपासले, एक बेअरिंग बदललं, बंद केला. गाडी पुन्हा खरडायला लागली. पुन्हा उघडला, त्या वेळी आतलं एक दात्यांचं चाकच बदललं. काही दिवस बरे गेले, पुन्हा तेच. हे चाचांच्या नावानं बोटं मोडू लागले. एवढ्या वर्षांचा दोस्त, पण म्हणायचे, "मिस्त्रीचं लक्ष न्हाई ऱ्हायलं कामात." मीही त्यात माझं घातलं. नव्या गाड्यांची कामं मिळतात, आपलं जुनं धूड कशाला मन लावून दुरुस्त करतील, मी म्हणाले.

आणि मग खंडाळ्याचा घाट उतरताना, भरल्या गाडीत, तिसऱ्यातून काढलेला गिअर दुसऱ्यात पडलाच नाही. उतारावर गाडी गिअरमधून सुटली की ती कुणाची नसते. ब्रेक तापून ढिले पडले. ह्यांनी दरीची बाजू सोडून गाडी डोंगराला घासत नेली, घासत घासत थांबवली. घरी आले ते कपाळाला पट्टी बांधून. पाटावर बसले आणि ताट पुढं सारलं. "बॉक्सनं दगा दिला," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजवर गेले आणि चारचौघांत चाचांना वाट्टेल ते बोलले. "चाचा, माझं कुंकू तुमच्या हातात हाय. काम जमत नसलं तर तसं सांगा, आम्ही दुसरीकडं जातो." चाचा मान खाली घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, या टाइमाला बॉक्स सगळा नवा भरतो. बनला की तुम्ही बी या. तुमच्यासमोर चालवून दाखवतो."

गाडी झाली तेव्हा मी गेले. हे एका बाजूला हात पुसत उभे होते. चाचा स्वतः गाडीवर बसले आणि मला शेजारी बसवलं. कॅम्पातून बाहेर काढून हायवेला लावली. दुसरा, तिसरा, चौथा. परत खाली तिसरा, दुसरा. सगळे गिअर लोण्यासारखे पडत होते. चाचांनी गाडी परत गॅरेजमध्ये लावली, इंजिन बंद केलं, आम्ही खाली उतरलो. हे पाठमोरे होते.

तेवढ्यात कामावरल्या एका माणसाच्या हातून भला मोठा पाना सटकला आणि ह्यांच्या मागं पडलेल्या पत्र्यावर आदळला. केवढा आवाज! मी दचकून छातीला हात लावला. रस्त्यावरून जाणारा सायकलवाला वळून बघायला लागला. हे हात पुसत होते. ते पुसतच राहिले.

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. त्यांचे डोळे भरून आले होते. हलक्या आवाजात म्हणाले, "बॉक्समध्ये कधीच काय नव्हतं, वहिनी." हलक्या आवाजात बोलायची तशी गरजही नव्हती. हे तिथंच उभे होते, तरी त्यांना ऐकू जाणार नव्हतं.

सांगायचं कुणी? चाचा म्हणाले, मी नाही सांगू शकत, माझी जीभ रेटणार नाही. घरी सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार, म्हणजे अख्ख्या चाळीला कळणार. म्हणून मी ह्यांना म्हटलं, चला, मला गाडीत बसून नदीपर्यंत जायचंय. पवनेच्या काठाला गाडी उभी केली. मी दोन्हीकडच्या काचा वर केल्या आणि बंद केबिनमध्ये जीव खाऊन ओरडले, "बॉक्स चांगला हाय. तुमचे कान गेलेत."

हे समोरच्या काचेतून बघत राहिले. मला वाटलं, हेही ऐकू आलं नाही. मी पुन्हा तोंड उघडणार, तर म्हणाले, "मला ठाव हाय."

"कधीपासून?"

"लई दिस झालं."

"मग मिस्त्रींना पुन्हा पुन्हा बॉक्स का उघडायला लावलात?"

हे गिअरच्या दांड्यावर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "एकदा तरी त्यातच काय निघंल, असं वाटायचं."

मी रडले. हे रडले नाहीत. गाडी परत आणताना त्यांनी दुसरा टाकलाच नाही, पहिल्यावरच घरापर्यंत आणली. किल्ली माझ्या हातात न देता कॅम्पात जाऊन चाचांच्या हातात दिली. दोघं बराच वेळ गॅरेजच्या बाकावर बसून होते म्हणे.

पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं. नस मेलीय, डॉक्टर म्हणाले. खिशात ठेवायचं वायरवालं यंत्र मिळालं. त्यात घरातली भांडी गडगडायची, पण माणसाचं बोलणं कळायचं नाही. ह्यांनी ते काढून फडताळात टाकलं.

मग आम्ही ड्रायव्हर ठेवला. बीडकडचा, तिशीतला, सालस. ह्यांना म्हणाला, "मालक, तुमी काळजी करू नगा." पण त्याला नव्या गाड्यांची सवय. पहिल्या दिवसापासून गाडी खरडत नेली.

सकाळी गाडी निघाली की हे ओट्यावर येऊन उभे राहायचे. गाडीकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघायचे. "पडला?" विचारायचे. गाडी खरडली की मी तोंड वाकडं करायची आणि ह्यांचा चेहरा उजळायचा. अहो, दाते आपल्याच गाडीचे झिजत होते! पण तेवढ्यावर ह्यांचा दिवस बरा जायचा, तर मी कशाला काही बोलू?

तो ड्रायव्हर मात्र शहाणा निघाला. हळूहळू त्याला गाडीचा आवाज कळायला लागला. एक दिवस गाडी निघाली, लिंबापाशी दुसरा पडला, पुढं इंजिन कण्हलं आणि तिसरा असा अल्लद पडला की माझ्या अंगावर काटा आला.

"पडला?" ह्यांनी विचारलं.

मला खरं सांगवेना. मी तोंड वाकडं केलं आणि हातानं खूण केली, नाही, खरडला.

पण त्या दिवशी हे माझ्याकडं बघत नव्हते. जाणाऱ्या गाडीच्या मागच्या कोऱ्या फळीकडं बघत होते. "न्हाई," म्हणाले, नेहमीसारखं मोठ्यानं, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं. "खोटं नगं सांगू. गाडीला जरा बी हिसका बसला न्हाई. शिकला त्यो." आणि ओट्यावर खाली बसले.

मला त्यांना सांगायचं होतं, की तो गिअर ऐकला तेव्हा मला क्षणभर वाटलं, आत तुम्हीच बसलाय. पण हे कानाशी लागून हळूच सांगायचं बोलणं. आजूबाजूला दारं उघडी होती, बायका नळावर उभ्या होत्या. तेवढ्या सगळ्यांसमोर मी ते ओरडून कसं सांगणार? मी नुसती त्यांच्या शेजारी जाऊन बसले.