केळीच्या पानावर

केळीचं ओलं पान हाती आलं की मला बहीण आठवते. फिट येतात म्हणून तिला गोळ्या सुरू केल्या आणि काही दिवसांतच अंगभर फोड उठले. अकोल्याच्या दवाखान्यात तिला केळीच्या पानांवर निजवलं, कारण चादरीला कातडी चिकटून सोलली जायची. “माय, लय आग होते वं,” ती कण्हायची. ती गेल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काहींना ही गोळी चालत नाही. आधी रक्ताची जेनेटिक टेस्ट केली असती, तर कळलं असतं.” आईनं विचारलं, “मंग आमाले काहून नाई सांगतलं कोनं?” परवा अकोल्याकडच्या मालेगावच्या मेडिकलात एक बाप लेकीसाठी त्याच गोळ्या घेत होता. मी त्याला टेस्टबद्दल सांगितलं. “कुठी होते थे, भाऊ?” त्यानं विचारलं. मी तेच दुकानदाराला विचारलं.