हाक ऐकली होती

येडगावजवळच्या उपकेंद्रात मी नर्स होते. एका दुपारी मंदाचा नवरा मला बोलवायला आला. तिला कळा सुरू झाल्या होत्या. दोन दिवस लसीकरणासाठी फिरून मी दमले होते. हाका ऐकूनही गप्प पडून राहिले. शेवटी त्यांनी तिला जीपमधून नारायणगावला नेलं. मंदा वाचली, बाळ गेलं. मी सांगितलं, मी घरी नव्हतेच.

त्यानंतर मला सगळ्यांच्या डोळ्यांत शंका दिसू लागली. दूधवाला जरा जास्त थांबला तरी वाटे, याला ठाऊक आहे. मदतनीस सखूबाईवर तर मी पाळतच ठेवली. चौकशीचं पत्र आलं तेव्हा तक्रार तिनंच केली, असं मी मनाशी नक्की करून टाकलं.

चौकशीच्या आदल्या दिवशी मार्थाबाई आल्या. जुन्नरला मी शिकत असताना त्या आमच्या मोठ्या सिस्टर. पिशवीतून त्यांनी पवित्र शास्त्र काढलं आणि मी सावध झाले. ऑफिसनं पाठवलं असेल, नाहीतर मला बाटवायला आल्या असतील.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. सकाळी प्रार्थनेत तुझं नाव आलं, एसटी धरली."

मला ते खरं वाटलं नाही.

व्यभिचारात सापडली म्हणून येशूपुढं धरून आणलेल्या बाईची गोष्ट त्यांनी वाचली. भोवती दगड घेतलेले लोक, आणि येशू खाली वाकून मातीत बोटानं लिहितोय. ज्यानं कधी पाप केलं नाही त्यानं पहिला दगड मारावा, एवढंच तो म्हणतो. मी म्हटलं, "म्हणजे लोकही पापीच, असंच ना?"

"तो झाला वरवरचा अर्थ. दगडवाले, ती बाई, तो वाकलेला, सगळे तुझ्याच आत आहेत. तू नुसती दगडवाल्यांवर नजर ठेवून बसलीयस. जरा त्याच्याकडे बघ."

त्या गेल्यावर मी डोळे मिटून बसले. आत खरंच कुणीतरी जमिनीशी वाकून, न बोलता थांबलं होतं. माझ्याकडे रोखून बघत नव्हतं. कितीतरी दिवसांनी मला मोकळा श्वास घेता आला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारताच मी म्हणाले, "मी घरातच होते. हाक ऐकली होती."

सखूबाई रडू लागली. तिनं तर मी बाहेरगावी होते, असंच लिहून दिलं होतं. चौकशीला आलेली मंदाची सासू उठून माझ्यासमोर आली. "माफी नाय करायची मी तुला. पन सून रोज म्हनती, माझंच कायतरी चुकलं. आता तिला सांगता यील."

माझी बदली आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात झाली. शिक्षा होती, आणि ती मला जड वाटली नाही. देवाच्या हाती सोपवून खरं बोलले, ते माझ्या सुटकेसाठी असं मी समजत होते. त्यानं ते मंदासाठी वापरलं. त्याचे आभार मी आजही तिचं नाव घेऊनच मानते.